रिपोर्ट निगेटिव्ह, तरी फ्लू: दोष व्हायरसच्या बदलाचा का?

पत्राचा सारांश: पत्रलेखिकेचे वडील ७४ वर्षांचे, फुप्फुसाचा जुना आजार असलेले. तीन दिवस खोकला आणि अंगदुखी होती, चौथ्या दिवशी ताप चढला. दवाखान्यात नाकातला स्वॅब घेऊन रॅपिड चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. घरच्यांनी ‘फ्लू नाही’ असं धरलं आणि नेहमीची औषधं चालू ठेवली. दोन दिवसांनी सात वर्षांच्या नातीला सणकून ताप आला. त्याच दवाखान्यात, त्याच कंपनीच्या किटवर तिची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याच रात्री वडिलांना धाप लागली, दाखल करावं लागलं, आणि पीसीआरमध्ये (व्हायरसचा जनुकीय मजकूर शोधणाऱ्या चाचणीत) इन्फ्लुएंझा ए, एच३ हा फ्लूचा प्रकार निघाला. आता ते घरी आहेत, हळूहळू सुधारताहेत. पत्रलेखिकेच्या भावाचं म्हणणं असं की, व्हायरसने रूप बदललंय, बातम्यांत रोज तेच येतंय, या चाचण्या आता निकामी झाल्यात, पुढच्या वेळी त्यांच्या नादी लागायचं नाही. पत्रलेखिका विचारतात, हे खरं का? चाचणीवर भरवसा ठेवायचाच नाही, की दर वेळी पीसीआरचाच आग्रह धरायचा? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: “तो कागद बघून मी निर्धास्त झाले, त्यामुळे बाबांचं औषध दोन दिवस उशिरा सुरू झालं, हे मनातून जात नाही.”

ताई,

त्या शेवटच्या ओळीकडे मी येणारच आहे. पण आधी भावाच्या म्हणण्याचा निकाल लावू या, कारण घरात एकदा ‘चाचण्या बिनकामाच्या’ असं ठरून गेलं की त्याची किंमत पुढच्या आजारपणात मोजावी लागते.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. वडिलांना जो फ्लू झाला, तोच दोन दिवसांनी त्यांच्या नातीला, म्हणजे तुमच्या मुलीला झाला असणार. एकाच घरात, इतक्या कमी दिवसांच्या अंतराने दोन वेगळे फ्लू येणं फार दुर्मीळ. म्हणजे व्हायरस तोच, किट तेच, दवाखानाही तोच. व्हायरसच्या बदलामुळे किट आंधळं झालं असतं, तर ते मुलीच्या बाबतीतही आंधळंच राहिलं असतं. तिथे त्याने व्हायरस बरोबर ओळखला. तेव्हा या प्रकरणात तरी म्युटेशनवर आळ घेता येत नाही.

मग वडिलांचा फ्लू का सुटला? रॅपिड अँटिजेन चाचणी नमुन्यातल्या व्हायरसचं प्रथिन जसं आहे तसं पकडते, ते वाढवून घेत नाही. पट्टीवर रेघ उमटायला पुरेसं प्रथिन स्वॅबवर यावं लागतं. फ्लूमध्ये नाकाघशातला व्हायरस पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो, नंतर ओसरू लागतो. मुलांच्या नाकात तो जास्त असतो आणि जास्त दिवस टिकतो. वयस्कर माणसांत बहुधा कमी. तुमच्या मुलीचा स्वॅब ताप आला त्याच दिवशी घेतला गेला, वडिलांचा लक्षणं सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी. त्यात स्वॅब नाकात जेमतेम टोकाशी फिरवला, किंवा आजार तोवर छातीत उतरला होता, असंही असू शकतं. फ्लूचा न्यूमोनिया झालेल्या काही रुग्णांत नाकाचा नमुना पीसीआरलाही निगेटिव्ह येतो आणि श्वासनलिकेतून खोल घेतलेला नमुना पॉझिटिव्ह येतो. म्हणून दाखल झालेल्या रुग्णाचा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टर दुसरा नमुना मागतात. ती चालढकल नसते.

आता भावाच्या बोलण्यात तथ्य किती, ते बघू. त्यांचा मुद्दा निराधार नाही. इन्फ्लुएंझा ए आणि बी यांचा जनुकीय मजकूर आरएनएच्या आठ तुकड्यांत असतो. त्याची नक्कल करणाऱ्या एन्झाइमला स्वतःच्या चुका तपासता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक पिढीत काही अक्षरं बदलतात. बातम्यांत ‘फ्लूचं नवं रूप’ म्हणतात ते बहुतेक वेळा हिमॅग्लुटिनिन या वरच्या प्रथिनातल्या बदलाबद्दल असतं. व्हायरस पेशीला चिकटतो तो याच प्रथिनाने, आपल्या शरीरातल्या अँटीबॉडी याच्यावर रोखलेल्या असतात, आणि लसही मुख्यतः यालाच धरून बनवतात. म्हणून या प्रथिनाने रूप बदललं की जुनी प्रतिकारशक्ती कमी पडते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीतले प्रकार नव्याने सुचवते ते याचसाठी.

चाचणी मात्र वेगळीकडे बघते. रॅपिड किट बहुधा न्यूक्लिओप्रोटीन शोधतं. ते आतलं, आरएनएभोवती गुंडाळलेलं प्रथिन आहे. पीसीआर ‘इन्फ्लुएंझा ए आहे का’ हे ठरवताना बहुधा मॅट्रिक्स जनुकाचा एक छोटा भाग शोधते. हे भाग मुद्दाम निवडलेले आहेत, कारण ते हळू बदलतात. तिथे मोठा फेरफार झाला तर व्हायरसचंच काम अडतं. माणसाने अंगरखा बदलला तरी त्याची चालण्याची ढब सहसा बदलत नाही, आणि चाचणी त्या ढबीवरून ओळखते. आणि औषध? फ्लूवरचं ओसेल्टामिविर न्यूरामिनिडेझ या तिसऱ्याच प्रथिनावर काम करतं. तेव्हा ‘म्युटेशन झालंय’ असं वाचलं की पहिला प्रश्न हवा: कुठे झालंय? लसीच्या जागी झालेल्या बदलाने चाचणी बिघडत नाही, आणि चाचणीच्या जागी झालेल्या बदलाने औषध निष्प्रभ होत नाही. २००७ ते २००९ या काळात तेव्हाचा हंगामी एच१एन१ न्यूरामिनिडेझमधल्या एका बदलामुळे ओसेल्टामिविरला दाद देईनासा झाला होता. नेहमीच्या चाचण्यांना तो सापडत होता, पण त्या रिपोर्टवरून औषध चालेल की नाही हे कळत नव्हतं. हे तीन मुद्दे घरात एकत्र मिसळले की ‘काहीच उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो. तुमच्या भावाचं नेमकं तेच झालंय असं मला वाटतं.

‘सहसा’ हा शब्द मी वर विचार करून वापरला. ढबही कधीतरी बदलते. पीसीआरमध्ये प्रायमर आणि प्रोब नावाचे साधारण वीस-पंचवीस अक्षरांचे तुकडे असतात. व्हायरसच्या मजकुरात जुळणारा भाग सापडला की ते तिथे चिकटतात आणि मग त्या भागाच्या नकला होऊ लागतात. त्या वीस-पंचवीस अक्षरांत एखादं बदललं तर बहुतेकदा फार बिघडत नाही, तुकडा तरीही चिकटतो. पण बदल प्रायमरच्या त्या टोकाशी झाला, जिथून नक्कल पुढे वाढायची असते, तर काम अडतं. प्रोबच्या मधोमध झाला तर नकला होतात, पण यंत्राला दिसणारा प्रकाश मंदावतो. २०१४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी एच१एन१ आणि एच३एन२ या दोन्हींच्या मॅट्रिक्स जनुकात असे नवे बदल नोंदवले, ज्यांच्यामुळे तिथल्या पीसीआरची पकड कमी झाली होती. म्हणजे ही नुसती पुस्तकी शंका नाही.

तरीही अशा बदलाने चाचणी एकदम ठप्प होत नाही. पीसीआरमध्ये प्रत्येक चक्रात नकला साधारण दुप्पट होतात. रिपोर्टवर कधी ‘सीटी’ म्हणून आकडा दिसतो, तो किती चक्रांनंतर व्हायरस दिसू लागला ते सांगतो. जुळणी बिघडली की हा आकडा वाढतो, म्हणजे व्हायरस उशिरा दिसतो. नमुन्यात भरपूर व्हायरस असेल तर दहा चक्रं उशीर होऊनही रिपोर्ट पॉझिटिव्हच येईल. मुळातच व्हायरस कमी असेल, तर तेवढ्या उशिराने तो मर्यादेबाहेर जाईल आणि रिपोर्ट निगेटिव्ह येईल. (दहा चक्रं म्हणजे सुमारे हजारपट फरक.) म्हणून म्युटेशनचा फटका आधी कुणाला बसतो, तर उशिरा तपासलेल्यांना, नीट स्वॅब न घेतलेल्यांना, कमी व्हायरस असलेल्यांना. वेळेवर, नीट घेतलेला नमुना हा व्हायरसच्या बदलावरही काही अंशी उतारा आहे, आणि तो तुमच्या हातातला आहे.

रॅपिड किटचं तत्त्व वेगळं, पण कच्चा दुवा तसाच. किटमधल्या अँटीबॉडी न्यूक्लिओप्रोटीनच्या ठरावीक भागाला धरतात. तो भाग बदलला तर पकड सैल होते. २००९ मध्ये नवा एच१एन१ आला तेव्हा अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने तीन रॅपिड किट तपासली. त्यांनी पीसीआर-पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी ४० ते ६९ टक्केच पकडले. याच तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली: व्हायरस भरपूर असलेल्या नमुन्यांत किट बरी चालली, प्रमाण कमी होत गेलं तशी झपाट्याने घसरली. प्रमाणाचाच मुद्दा पुन्हा. त्यानंतर अमेरिकेत नियम कडक झाले. २०१७ च्या आदेशानुसार अशा किटने पीसीआरसारख्या चाचणीच्या तुलनेत निदान ८० टक्के रुग्ण पकडलेच पाहिजेत, आणि उत्पादकांनी दर वर्षी त्या वेळी फिरत असलेल्या व्हायरसवर किट तपासून दाखवलं पाहिजे. या वार्षिक तपासणीला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. व्हायरस बदलतो, मग चाचणीचा दाखला एकदाच देऊन कसं चालेल? जगभरच्या प्रयोगशाळा १९५२ पासून एका जाळ्यात फ्लूचे नमुने गोळा करून वाचताहेत. चाचणीच्या जागी नवा बदल दिसला की प्रायमर-प्रोबची अक्षरं सुधारता येतात, आणि आता बऱ्याच पीसीआर चाचण्या एकाऐवजी दोन जागा शोधतात, म्हणजे एक निसटली तरी दुसरी हाती लागते.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते तुमच्या भावाच्या मताच्या अगदी उलट आहे. एप्रिल २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांच्या नमुन्यांत इन्फ्लुएंझा ए सापडला, पण तो माणसांतल्या नेहमीच्या एच१ किंवा एच३ मध्ये बसेना. ‘ए आहे, पण प्रकार ठरत नाही’ या उत्तरामुळेच ते नमुने पुढे गेले आणि साथीचा नवा व्हायरस ओळखला गेला. चाचणीचा एक भाग जुळला नाही, हीच तिथे सर्वांत मोलाची माहिती ठरली. म्हणून तुमच्यापैकी कुणाच्या रिपोर्टवर असा शेरा आला तर तो चुकीचा कागद समजून फाडू नका. डॉक्टरांना तो पुढच्या प्रयोगशाळेकडे पाठवायला सांगा. आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी, कोंबड्यांशी, गुरांशी संपर्क आला असेल तर तेही न विचारता सांगा. एच५एन१ या बर्ड फ्लूबाबत नेहमीची चाचणी बहुधा फक्त ‘ए’ एवढंच सांगते.

आता ‘भरवसा ठेवायचाच नाही का’ याकडे. या प्रश्नातलं एक गृहीत मला खटकतं: रिपोर्टला ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच म्हणता येतं, आणि दोन्ही वेळा त्याचं वजन सारखंच. तसं नसतं. हिशेबासाठी धरू या की ऐन साथीत खोकला-ताप घेऊन आलेल्या १०० जणांपैकी ४० जणांना खरोखर फ्लू आहे, आणि किट फ्लू असलेल्यांपैकी ६० टक्के पकडतं. म्हणजे २४ पकडले गेले, १६ निसटले. फ्लू नसलेल्या ६० जणांत एखाद्यालाच चुकून पॉझिटिव्ह येईल. तेव्हा पॉझिटिव्ह आला तर फ्लू आहे, असं जवळजवळ बिनधास्त धरता येतं. पण निगेटिव्ह आलेल्या सुमारे ७५ जणांत १६ जणांना फ्लू आहेच, पाचात एकाला. साथ नसताना हेच उलटतं. शंभरात पाचच जणांना फ्लू असेल, तर निगेटिव्ह रिपोर्ट बराच खरा आणि एखादा पॉझिटिव्ह संशयास्पद. तोच कागद, तेच किट, पण बाहेर काय चाललंय त्यावर त्याचा अर्थ बदलतो. तुमच्या वडिलांना जेव्हा निगेटिव्ह आला, तेव्हा ‘फ्लू नाही’ असा अर्थ नव्हता. ‘या नमुन्यात किटला दिसला नाही’ एवढाच होता.

दर वेळी पीसीआर? मला वाटतं, नाही. तिशीतल्या धडधाकट माणसाला साथीच्या दिवसांत फ्लूसारखा ताप आला, तर रिपोर्टने उपचार फारसा बदलत नाही. त्याने घरात पडून राहावं, पाणी प्यावं, इतरांपासून लांब राहावं. पण तुमच्या वडिलांसारखे, म्हणजे साठी-पासष्टी ओलांडलेले, फुप्फुसाचा, हृदयाचा, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेले, गर्भवती, अगदी लहान मुलं, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, यांच्यासाठी आग्रह धरा. रॅपिड निगेटिव्ह आला तरी लक्षणं फ्लूची असतील तर ‘याची पीसीआर करू या का’ असं स्पष्ट विचारा. काही ठिकाणी पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात निकाल देणारी छोटी यंत्रंही आहेत. ती जनुकावर चालतात आणि अँटिजेन पट्टीपेक्षा बरीच भरवशाची असतात. म्हणून ‘रॅपिड’ हा शब्द ऐकून थांबू नका, अँटिजेन की जनुकीय, हे विचारा. शिवाय तोच ताप आरएसव्ही, कोविड किंवा ॲडिनोव्हायरसचाही असू शकतो, आणि एकाच स्वॅबवर अनेक व्हायरस तपासणाऱ्या चाचण्या मिळतात.

पण पीसीआरहून महत्त्वाचं दुसरं आहे. ओसेल्टामिविरचा फायदा लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सर्वांत जास्त. जोखमीच्या रुग्णाला साथीच्या दिवसांत फ्लूची लक्षणं दिसली, तर रिपोर्ट येण्याआधीच औषध सुरू करावं असं मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि दाखल रुग्णात ४८ तास उलटले तरी ते देतात. म्हणजे त्या दिवशी चाचणीवर खरं तर सगळं टांगून ठेवायचं कारणच नव्हतं. भाऊ म्हणतात की तपासणीच्या नादी लागायचं नाही. मी म्हणेन, तपासणी करा, पण औषध तिच्यामागे उभं ठेवू नका. हे डॉक्टरांनी ठरवायचं, घरातल्या उरलेल्या गोळ्या काढून कुणी द्यायच्या नाहीत. आणि निगेटिव्ह आल्यानंतरही जोखमीच्या माणसाची खोली वेगळी, मास्क, धाप, ओठ निळसर होणं, गुंगी यांवर लक्ष, हे सगळं पहिल्या दिवसासारखंच चालू ठेवायचं.

आता ती ओळ. ताई, तुम्ही वडिलांना दवाखान्यात नेलंत, चाचणी करून घेतलीत, मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवलात. कागदावर एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ कुणी उलगडून सांगितला नाही. ती उणीव तुमची नाही. औषध दोन दिवस आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं, हे मी नाकारत नाही. पण पहिला खोकला आला तेव्हापासून मोजलं, तर चाचणीच्या दिवशीच ४८ तास उलटून गेले होते, आणि तेव्हा सुरू केलं असतं तर दाखल होणं टळलंच असतं असं कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. उशीर झाला तो मुख्यतः पहिल्या तीन दिवसांत, ‘बाबांचा नेहमीचाच खोकला’ म्हणून. जुना फुप्फुसाचा आजार असलेल्या घरात हे सगळीकडे होतं. नेहमीचा खोकला आणि नवा खोकला यांत फरक करणं अवघडच असतं. खोकल्याबरोबर अचानक अंग मोडून येणं, भूक मरणं, नेहमीचा पंप पुरेनासा होणं, या खुणा वडिलांना आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

वडिलांना पुढच्या तपासणीला न्याल तेव्हा भावालाही बरोबर न्या. तिघांनी मिळून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: यंदाची लस आता घ्यायची की पूर्ण बरं झाल्यावर, पुन्हा अशी लक्षणं दिसली तर पहिल्याच दिवशी कुणाला फोन करायचा, आणि रिपोर्ट यायच्या आधी औषध सुरू करायचं का. उत्तरं वडिलांच्या फाइलच्या पहिल्या पानावर त्यांच्याकडूनच लिहून घ्या, तारखेसह.